मढला समुद्राजवळ घर आणि खानावळ, पॉलिश्ड काँक्रीटची फरशी टिकेल का?

मढची_सून

नमस्कार मंडळी. आमचं मढला बैठं घर आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. पुढे आमची कोळी पद्धतीच्या जेवणाची छोटी खानावळ आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहतो. घरात जुनी शहाबादी आहे, खानावळीत कोबा. दोन्हीची आता वाट लागलीय. पावसाळ्यात जमीन ओली होते, पाय चिकटतात, भिंतींना खालून लोणा लागतो आणि कोब्याचा वरचा पापुद्रा सुटून रोज झाडताना पांढरी पूड निघते. पाऊस संपला की सगळी जमीन नव्याने करायचीय.

इंटिरियरवाली म्हणते पॉलिश्ड काँक्रीट करा, खाऱ्या हवेत त्याला काही होत नाही. ठेकेदार म्हणतो एपॉक्सी (रेझिनचा वरून मारायचा थर) मारून देतो, लगेच काम संपेल. सासूबाई म्हणतात साध्या टाइल्स लावा आणि मोकळे व्हा. आमच्या बाजूच्या एका दुकानात एपॉक्सी केलेलं, पहिल्याच पावसाळ्यात फुगे येऊन सुटलं ते मी स्वतः बघितलंय त्यामुळे ते नकोच वाटतं. पण पॉलिश्ड काँक्रीट आमच्या बाजूला कोणाकडे केलेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून विचारतेय की खाऱ्या हवेने ते खरंच खराब होत नाही का, खालून येणारी ओल थांबेल का, सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत त्यांचा पाय घसरणार नाही ना, आणि खानावळीत हळद तेल कोकम चिंच सगळं सांडतं त्याचे डाग बसतात का. ज्यांनी वापरलंय किंवा जे हे काम करतात त्यांनी प्लीज सांगा, पैसे एकदाच घालायचेत.

दादरचा_सिव्हिलवाला

ताई, सर्वात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो कारण विकणारे लोक इथेच गोंधळ घालतात. पॉलिश्ड काँक्रीट हा वरून मारायचा थर नाही. जे काँक्रीट खाली आहे तेच हिऱ्याच्या सेगमेंटवाल्या मशिनने घासत न्यायचं, आधी ३०, ७०, १२० असे जाड ग्रिट (घासणाऱ्या दाण्याचा नंबर, नंबर वाढला की दाणा बारीक) मग २००, ४००, ८०० आणि हवं तर १५००, ३००० पर्यंत. मध्ये डेन्सिफायर पाजतात, म्हणजे लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचं पाणी. काँक्रीटमध्ये जो मोकळा चुना असतो त्याच्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन सिमेंट घट्ट झाल्यावर जो पदार्थ बनतो तोच अजून तयार होतो आणि बारीक छिद्रं भरतात. शेवटी डाग लवकर मुरू नयेत म्हणून गार्ड. म्हणजे काय, तर काँक्रीट चांगलं तर फरशी चांगली, काँक्रीट भुसभुशीत असेल तर कितीही ग्रिट फिरवा, काही उपयोग नाही. तुमच्या कोब्याची रोज पूड निघतेय म्हणजे त्याच्यावर पॉलिश करायचा विचारच सोडा. लोखंडी खिळ्याने ओरखडा काढून बघा, सहज खोल चर पडली तर तो कोबा गेला.

आता ओल. पॉलिशने ओल थांबत नाही, हे लिहून ठेवा. फरक इतकाच की एपॉक्सी ही बंद फिल्म असते, खालून येणारी वाफ तिच्याखाली अडकते आणि तिला उचलते, तुमच्या शेजारच्या दुकानात तेच झालं असणार. पॉलिश्ड काँक्रीटमधून वाफ निघून जाते म्हणून सुटून यायला वर काही नसतं. पण ती वाफ समुद्राजवळच्या जमिनीतून येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतो, तोच लोणा. वर पांढरा दिसला तर पुसता येतो पण पृष्ठभागाच्या आत छिद्रांमध्ये त्याचे स्फटिक धरले की ते आतून दाब देतात आणि पापुद्रे सुटतात. तुमच्या कोब्याचं तेच चाललंय असं मला वाटतं.

म्हणून आधी टेस्ट करा, खर्च शून्य. १८ इंच बाय १८ इंच जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेप मारून जमिनीला चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या आत थेंब असतील किंवा खालची जमीन काळपट झाली असेल तर ओल खालून येतेय. कोरडं निघालं तर तुम्हाला दिसणारं पाणी हवेतलं आहे. मुंबईच्या पावसाळी हवेत गार जमिनीवर बाष्प धरतं, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्याला पंखा आणि वारा हाच इलाज.

वर्सोव्याची_कॅफेवाली

आमचा वर्सोव्याला छोटा कॅफे आहे आणि फरशी पॉलिश्ड काँक्रीटचीच आहे म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने सांगते.

डाग बसतात. कोणी बसत नाहीत म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्यात दोन प्रकार. तेल हळद कॉफी हे मुरणारे डाग, लगेच पुसलं आणि गार्ड शाबूत असला तर निघून जातात, रात्रभर राहिलं तर सावली राहते. दुसरा प्रकार म्हणजे आंबट, लिंबू व्हिनेगर चिंच कोकम दही. तो डाग नसतोच, आम्ल सिमेंटला खातं आणि तेवढ्या जागेची चमक जाते, कितीही पुसा तो मॅट ठिपका तिथेच असतो, परत घासूनच जातो. तुमच्याकडे ताटागणिक सोलकढी जात असणार तेव्हा टेबलांखाली असे ठिपके पडणार हे धरून चला. आमच्याकडे काउंटरसमोर लिंबू सोड्याची जागा आहे तिथे तसं झालंय, मला ते खटकत नाही पण ज्यांना आरशासारखी फरशी हवी असते त्यांना खटकेल. म्हणून सल्ला असा की चमकच कमी ठेवा. ४०० ग्रिटला थांबलं की साटिनसारखी दिसते, त्यावर ठिपके फारसे उठून दिसत नाहीत आणि पायाला पकडही बरी मिळते.

घसरण्याचं म्हणाल तर कोरडी असताना अजिबात घसरत नाही. ओली झाली, त्यात तेलाचा हात लागला की घसरते. ८०० च्या पुढे नेलेल्या फरशीवर ओल्या चपलेने कोणी आलं तर मला भीती वाटते. आम्ही पावसाळ्यात दारात आत बाहेर दोन्हीकडे मोठी काथ्याची पायपुसणी ठेवतो, त्याचा दुसरा फायदा म्हणजे चौपाटीची वाळू आत येत नाही. ती वाळू चपलेखाली आली की फरशीवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं, दाराजवळचा पट्टा बाकीच्यापेक्षा लवकर मॅट होतो. एसी लावणार असाल तर अजून एक, एसीने जमीन गार होते आणि जुलैत दार उघडं राहिलं की दाराजवळ घाम धरतो. दार आपोआप लागणारं करा.

आणि टॉयलेटवालं ॲसिड कामवाल्या मावशींच्या हाती लागू देऊ नका!! एका बादलीने अख्खी खोली खराब होते. फरशीला फक्त न्यूट्रल क्लीनर आणि पाणी.

पॉलिशवाला_लालबाग

आमच्या घरात हा धंदा मोझॅक घोटण्यापासून चालत आलाय, वडील चाळींमधल्या आणि मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारतींमधल्या मोझॅक फरश्या घोटायचे, मी मोझॅक आणि काँक्रीट दोन्ही करतो. मुंबईत समुद्राला लागून सिमेंटची फरशी टिकते का हा प्रश्न पडत असेल तर त्या इमारतींचे जिने आणि लॉबी जाऊन बघा, नव्वद-नव्वद वर्षांच्या सिमेंटवर घोटलेल्या फरश्या आहेत आणि आजही मशिन फिरवलं की चकाकतात. खारी हवा वरून सिमेंटला एवढं काही करत नाही. ती लोखंडाला खाते. म्हणून आत काय टाकताय ते बघा.

ताई, तुम्हाला कोणी स्टील फायबर टाकून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. गोडाऊनला चालतं, पण घासल्यावर त्याच्या तारा वर दिसतात आणि मढच्या हवेत प्रत्येक तारेभोवती तांबूस ठिपका येणार. पॉलीप्रॉपिलीन फायबर घ्या, सुरुवातीला वर केसासारखे दिसतात ते घासण्यात जातात. सांध्यांना पट्टी लावायची तर काच किंवा पितळ, लोखंडाची पट्टी नको.

आपल्याकडची खडी म्हणजे काळा बेसाल्ट, त्यामुळे घासून खडी उघडी केली की करड्या रंगात काळे दाणे दिसतात, फार सुंदर दिसतं आणि हळद-तेलाची सावलीही त्यात लपते. नुसता वरचा सिमेंटचा चेहरा ठेवून पॉलिश करायचं म्हटलं तर स्वस्त पडतं पण प्रत्येक केसासारखी भेग आणि घोटाईचा प्रत्येक डाग दिसतो. खानावळीला मी दाणा उघडाच करायला सांगेन, त्यासाठी वरून २-३ मिलिमीटर जातं.

कोटेशन घेताना एका आकड्यावर थांबू नका. कुठल्या ग्रिटपासून कुठल्या ग्रिटपर्यंत, डेन्सिफायर कितीदा, गार्ड कुठला, कडा हाताने कुठपर्यंत घासणार, हे सगळं कागदावर घ्या. काही लोक दोन-तीन ग्रिट फिरवतात आणि वर मेण किंवा ॲक्रिलिक मारून चमक दाखवतात. दिसायला पहिल्या दिवशी सेम, महिन्याभरात चालण्याच्या वाटेवर काळपट पट्टा पडतो. ओळखायचं असेल तर कोपऱ्यात थोडं थिनर कापडावर घेऊन चोळा, चमक कापडावर आली तर ती वरची होती.

आणि घासताना निघणारी स्लरी, म्हणजे सिमेंटचा पातळ चिखल, गटारात सोडू देऊ नका. ती चुन्याच्या पाण्यासारखी तीव्र असते, गटारात जाऊन घट्ट बसते आणि तुमचं गटार पुढे समुद्रालाच जातं. व्हॅक्युमने उचलून वाळवून गोणीत भरून न्यायची हे ठेकेदाराचं काम आहे. सुकं घासत असतील तर मशिनला व्हॅक्युम हवाच, ती धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात गेली की परत निघत नाही. कामगार रुमाल बांधून काम करताना दिसले तर काम थांबवा, त्यांनाही घरी पोरंबाळं आहेत.

अंधेरी_चौथामाळा

मध्येच विचारतो सॉरी, हे फ्लॅटमध्ये होतं का? आमची बिल्डिंग सात बंगल्याला आहे, १९८० च्या आसपासची, ४०० फुटांचं घर आहे. बायकोला हाच लुक हवाय.

दादरचा_सिव्हिलवाला

@अंधेरी_चौथामाळा दोन इंच काँक्रीट टाकलं तर चौरस फुटाला साधारण ११-१२ किलो वजन होतं, ४०० फुटांत साडेचार टनांच्या आसपास. जुन्या टाइल्स आणि त्याखालचा भराव पूर्ण काढून तेवढंच परत टाकत असाल तर गोष्ट वेगळी पण टाइल्सवर टाकायचं तर साफ नाही. समुद्राकाठच्या ८० च्या बिल्डिंगमध्ये स्लॅबच्या सळया कुठल्या अवस्थेत आहेत हे ऑडिट रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. सोसायटीकडून रिपोर्ट मागा, खालच्या घराच्या सीलिंगला पोपडे किंवा गंजाचे डाग आहेत का ते बघा. घासताना स्लॅबला हात लावू देऊ नका, सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर कमी होतं. लुकच हवा असेल तर २-३ मिलिमीटरचं मायक्रो काँक्रीट टॉपिंग येतं, वजन नगण्य. ते मात्र वरचा थर आहे, पॉलिश्ड काँक्रीट नाही, त्याचं आयुष्य वेगळं. आणि घरात जुनं मोझॅक असेल तर लालबागवाले सांगतील तसं तेच घोटून घ्या, मी तर तेच करेन.

मढची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणीच नीट सांगितलं नव्हतं. प्लास्टिक लावून बघितलं, खानावळीत आणि मागच्या खोलीत दोन्हीकडे आतून थेंबच थेंब आणि जमीन काळी. म्हणजे खालूनच येतंय. मग आता सगळं उकरायचं का? आणि वाळू-पाण्याचं काय, आमच्याकडे बोअरचं पाणी खारट आहे आणि ठेकेदार म्हणतो स्वस्तात खाडीची रेती आणतो. अजून एक, मासळीचे बर्फाचे ट्रे आम्ही आतच ठेवतो, त्याचं पाणी गळतं.

दादरचा_सिव्हिलवाला

हो ताई, उकरायचं. त्रासाचं आहे पण पैसे एकदाच घालायचेत असं तुम्हीच म्हणालात, मग ते जमिनीखाली घाला. जुनी जमीन काढून मुरूम भरून पाणी मारून नीट धुमस, त्यावर दगडाचं सोलिंग, त्यावर पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), ते गुळगुळीत झालं की २५० मायक्रॉनचं पॉलिथिन अख्खं अंथरायचं, जोडावर किमान सहा इंच एकावर एक आणि टेप, कडेला भिंतीवर वर चढवून घ्यायचं. बिगारी त्यावरून घमेली घेऊन चालतात आणि भोकं पाडतात, तिथे कोणीतरी घरचं उभं राहा. मग त्यावर चार इंच काँक्रीट. भिंतींचा लोणा याने जाणार नाही, तो वेगळा विषय आहे, पण जमिनीतून वर येणारा थांबेल.

खाडीची रेती अजिबात नको. बोअरचं खारं पाणीही नको, ना मिक्सिंगला ना नंतर मारायला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा सळईच्या काँक्रीटला लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि बिनसळईच्या काँक्रीटला २००० दिलीय. तुमच्या जमिनीत सळई नसली तरी ज्या फरशीला आपण लोण्यापासून वाचवायचा प्रयत्न करतोय तिच्यात आपणच मीठ का कालवायचं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि टँकरचं किंवा पालिकेचं पाणी.

शक्य असेल तर रेडी मिक्स एम ३० (हा काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) मागवा, स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी घातलेलं. स्लॅगमुळे क्षार आत शिरायचा वेग कमी होतो, किनाऱ्याला तेच हवं. त्याची एक बाजू सांगून ठेवतो, स्लॅग मोकळा चुना वापरून टाकतं म्हणून डेन्सिफायरला क्रिया करायला कमी मिळतं, पॉलिशवाल्याला आधीच सांगा काय सिमेंट आहे ते, म्हणजे तो डोस आणि वेळ त्याप्रमाणे ठरवेल. मालाड-मार्वे रोडला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की काँक्रीट घट्ट होतं आणि मग ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडतो. ते होऊ देऊ नका, जेवढं जास्तीचं पाणी तेवढा वरचा भाग कच्चा आणि तोच तुम्ही घासणार आहात. सकाळी लवकरची गाडी घ्या.

हेलिकॉप्टर (फिरत्या पात्यांचं घोटाईचं मशिन) फिरवून घोटाई झाली की २४ तासांच्या आत कटरने सांधे पाडा, चार इंचाला एक इंच खोल, आठ ते दहा फुटांच्या चौकटी. सांधे नाहीत असं इंटिरियरवाली म्हणाली असेल तर ते बरोबर नाही, सांधा तुम्ही पाडला नाही तर काँक्रीट स्वतः पाडतं आणि वाकडा पाडतं. दाराच्या आणि खांबांच्या रेषेत घेतले तर उलट छान दिसतात. स्लॅगवाल्याला किमान दहा दिवस पाणी मारत ओलं ठेवा, आणि पॉलिश २८ दिवसांनंतर. म्हणजे दिवाळीनंतर लगेच सुरू केलंत तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत पॉलिश होईल.

वर्सोव्याची_कॅफेवाली

बर्फाच्या ट्रेचं मी सांगते. ती जागा आणि मासे साफ करायची जागा पॉलिश्ड काँक्रीटमधून वगळाच. खारं पाणी, रक्त, खवलं आणि रोजचं घासणं, तिथे कुठलाच गार्ड टिकत नाही. तेवढा भाग दोन इंच खाली घेऊन कोटा किंवा खरखरीत टाइल लावा, सांध्यात एपॉक्सी ग्राउट आणि जाळीकडे उतार. स्वयंपाकघरालाही तेच. अन्न परवान्याच्या नियमात जमीन गुळगुळीत, साफ करायला सोपी आणि पापुद्रे न सुटणारी हवी असं आहे, आणि आमच्याकडे तपासणीला आलेल्यांनी बसायच्या जागेबद्दल नाही पण किचनच्या कोपऱ्यांबद्दल बारकाईने विचारलं होतं.

मढची_सून

ठरलं मग. किचन आणि मासळीची जागा कोटा, बाकी दोन्हीकडे पॉलिश्ड. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या कोटा लावताय ना, मग बाकी तुमचं चालू द्या. @पॉलिशवाला_लालबाग सासऱ्यांच्या खोलीत किती ग्रिटपर्यंत? आणि जमीन चढवली तर उंबरठ्याची उंची राहते का?

पॉलिशवाला_लालबाग

सासऱ्यांच्या खोलीत २०० ला थांबा, डेन्सिफायर आणि गार्ड घालून. चमक येणार नाही पण हात फिरवला की मऊ लागेल आणि काठी टेकली तर सरकणार नाही. बाथरूमकडे जायच्या वाटेवर ओल्या पायाने येणं होतं, तिथे गार्डमध्ये बारीक अँटी-स्किड पावडर मिसळून मारतात ती मारून घ्या.

उंबरठ्याचं काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. मुरूम, सोलिंग, पीसीसी, चार इंच काँक्रीट सगळं धरून तयार लेव्हल भिंतीवर सगळीकडे रेघ मारून घ्या आणि मगच उकरायची खोली ठरवा, नाहीतर दारं कापायची वेळ येते. बाहेरच्या रस्त्यापेक्षा आतली जमीन वर राहिलीच पाहिजे, भरतीला जोरदार पाऊस असला की तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत येतं ते सासऱ्यांना विचारा, त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसणार. अजून एक करा, अख्खी खोली घासायच्या आधी टेबलाखाली येणाऱ्या कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचा नमुना करून मागा, ४०० पर्यंत, गार्डसकट. गार्ड पूर्ण वाळू द्या, मग त्यावर हळदीचं तेल, कोकमाचं आगळ आणि चिंचेचा कोळ सांडून रात्रभर ठेवा. सकाळी जे दिसेल ते तुम्हाला चालणार असेल तरच पुढचं काम सुरू करायला सांगा. नमुन्याचे पैसे मागितले तर द्या.